उरकणे आणि पूर्ण करणे

आपल्या शाळेच्या वसतिगृहात सायंकाळची वंदना झाली की अभ्यासाचा तास सुरू होतो. फळ्यावर पाच गणिते लिहून आम्ही खुर्चीत टेकतो न टेकतो तोच मागच्या बाकावरून एक हात वर येतो आणि आरोळी ऐकू येते, "सर, झालं!" पाठोपाठ दुसरा हात, मग तिसरा. गेली पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही या आरोळीला "शाब्बास" असे उत्तर देत आलो आहोत. पुष्कळदा वही तपासण्याच्या आधीच देत आलो आहोत, हे येथे कबूल केले पाहिजे.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांला माजी विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाविषयी दोन शब्द लिहावयास सांगितले. आपली मुले-मुली आज महाविद्यालयांत, विद्यापीठांत शिकत आहेत आणि त्यांचे कौतुक या अंकात इतरत्र होईलच. आम्हांला मात्र त्यांच्यातील एका सवयीविषयी लिहावेसे वाटते. ती सवय आळसाची नाही. आळसावर बोलणारे पुष्कळ आहेत. ही सवय काम मुदतीच्या फार आधी उरकून मोकळे होण्याची आहे, आणि तिची लागण आमच्याच वर्गात झाली असावी असा आमचा संशय आहे.

मागील वर्षी आमची एक माजी विद्यार्थिनी भेटीस आली. इतिहास विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. प्रबंधिकेची मुदत संपण्यास पाच आठवडे शिल्लक असताना तिने साठ पाने लिहून, टंकित करून, बांधणीसाठी सिद्ध ठेवली होती. विषय तिने आपल्याच गावातला निवडला होता. मोहन्याची एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, २००९ साली बंद पडल्यानंतर कामगार कुटुंबांतील स्त्रिया मिळवत्या कशा झाल्या, हा तो विषय. आम्हांला अभिमान वाटला. आम्ही पाने वाचू लागलो. लेखन नीटनेटके होते, शुद्धलेखनही चांगले होते. परंतु मुलाखती केवळ आठ होत्या. आठही एकाच आळीतल्या आणि आठही एकाच रविवारी घेतलेल्या.

आम्ही विचारले, "कामगार वसाहतीच्या पलीकडच्या टोकाला का गेली नाहीस?"

ती म्हणाली, "सर, डोक्यावरचं ओझं एकदाचं उतरावं असं वाटत होतं."

"आणि उरलेल्या पाच आठवड्यांत काय करणार?"

"दुसऱ्या पेपरचं सबमिशन काढलंय. तेही होत आलंय."

ही मुलगी कष्टाळू आहे. तिने कामचुकारपणा केलेला नव्हता. तरीही तिच्या हातून काम पूर्ण झाले नव्हते, उरकले गेले होते. मराठी भाषेने या दोन क्रियापदांत फार पूर्वीच फरक करून ठेवला आहे. जेवण उरकले, लग्न उरकले, आंघोळ उरकली असे आपण म्हणतो तेव्हा त्यात सुटकेचा एक निःश्वास असतो. काम कसे झाले हे त्या शब्दाला ठाऊक नसते. एवढेच ठाऊक असते की ते आता पुढ्यात नाही.

या प्रवृत्तीचा मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील डेव्हिड रोझेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगात भाग घेणारे विद्यापीठाचे विद्यार्थीच होते. एका लांब वाटेवर दोन बादल्या ठेवल्या होत्या. एक चालणाऱ्याच्या जवळ, दुसरी वाटेच्या शेवटाजवळ. दोहोंपैकी जी सोपी वाटेल ती उचलायची आणि शेवटापर्यंत न्यायची, इतकेच काम. शहाणा मनुष्य शेवटाजवळची बादली उचलील, कारण ती थोडेच अंतर वाहून न्यावी लागते. प्रत्यक्षात बहुसंख्य विद्यार्थ्यांनी जवळची बादली उचलली आणि विनाकारण अधिक अंतर ओझे वाहिले. असे का केले म्हणून विचारता अनेकांनी सांगितले की, काम लवकर संपवावे म्हणून. वस्तुतः काम काही लवकर संपले नव्हते, कारण दोन्ही बादल्यांसाठी चालावयाचे अंतर सारखेच होते. बादली एकदा हातात आली की कामाचा एक भाग झाल्यासारखे वाटते, आणि त्या वाटण्यासाठी त्यांनी अंगमेहनतीची किंमत मोजली. रोझेनबॉम यांनी या प्रवृत्तीला प्रीक्रॅस्टिनेशन असे नाव दिले. चालढकलीच्या नेमकी उलट अशी ही गोष्ट आहे.

सार्वजनिक नळावरून पाणी भरलेल्या आमच्या मातांनी हा प्रयोग ऐकला असता तर त्या हसल्या असत्या. भरलेला हंडा एक पाऊलही अधिक वाहावयाचा नाही, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. खांद्यावरच्या ओझ्याचा हिशेब शरीर बिनचूक ठेवते. मनातल्या ओझ्याचा हिशेब मात्र चुकतो. रोझेनबॉम यांचे म्हणणे असे की, करावयाचे काम लक्षात धरून ठेवणे हेच मनाला जड जाते आणि ते ओझे उतरावे म्हणून माणूस हाताशी आलेले काम हातासरशी करून टाकतो. कामाला किती विचार हवा, हे पाहण्यास तो थांबत नाही.

एवढ्यावर थांबलो तर ही साऱ्याच माणसांची गोष्ट ठरेल. आपल्या मुलांच्या घाईला आणखी एक कारण आहे आणि ते त्यांच्या घरांतून आले आहे.

मोहन्याचे जीवन कित्येक वर्षे कंपनीच्या पाळ्यांवर चालले. बाप रात्रपाळीहून येऊन निजला की एका खोलीच्या घरात मुलांनी आवाज करावयाचा नाही. तो उठेपर्यंत जो अभ्यास होईल तोच खरा. घरातला दिवा, घरातला कोपरा, घरातली शांतता ही सारी मोजून मिळालेली. पुढे मुले कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात, उल्हासनगरच्या चांदीबाई महाविद्यालयात आणि त्याही पलीकडे मुंबईला जाऊ लागली. आंबिवली स्थानकावर ज्याची कसारा मार्गावरची एक गाडी चुकली आहे, त्याला पुढच्या गाडीची वाट पाहणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पहिला तास बुडतो. म्हणून मुले अर्धा तास आधी फलाटावर उभी राहू लागली. त्यात २००९ साल आले. ज्या कंपनीच्या भरवशावर हजारो कुटुंबांनी मुलांची शिक्षणे योजली होती ती बंद झाली. मुलांच्या मनावर त्यातून एक धडा कोरला गेला. जे आज हाती आहे ते आजच संपवून टाकावे, उद्या ते असेल की नाही कोण सांगणार?

ज्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोहोचले आहे, त्या घरातल्या मुलाला वेळ आपल्या मालकीचा वाटत नाही. तो कुणाकडून तरी उसना घेतलेला वाटतो. उसनी वस्तू माणूस लवकर परत करू पाहतो. म्हणून या घाईची चेष्टा करण्यास आम्ही धजत नाही.

कित्येक ठिकाणी ही घाई योग्यही असते, हे आवर्जून सांगावयास हवे. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, जातीचा दाखला, जात पडताळणी ही कामे पहिल्याच दिवशी करावीत. शेवटच्या दिवशी संगणक चालत नाही, सही करणारा रजेवर असतो आणि वर्ष हातचे जाते. अशा कामांत विचार करावयाचा नसतो, कागद पोहोचवावयाचा असतो. अडचण तेव्हा होते जेव्हा अर्ज भरण्याची रीत प्रबंध लिहिण्याला लावली जाते. निबंध, प्रकल्प, प्रबंधिका ही कामे दिवसांगणिक बदलत जाणारी आहेत. आठव्या मुलाखतीनंतर जे दिसते ते पंधराव्या मुलाखतीनंतर तसे राहत नाही. पाच आठवडे आधी बांधणी करणारा विद्यार्थी त्या पाच आठवड्यांत जे शिकला असता ते स्वतःच नाकारतो.

येथे आम्हांला स्वतःचा अपराध सांगणे भाग आहे. आम्ही एम.ए. करीत असताना २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहावर एक निबंध लिहावयाचा होता. दोन महिन्यांची मुदत होती. आम्ही ग्रंथालयातली चार पुस्तके चाळली आणि बारा दिवसांत निबंध देऊन टाकला. वर्गात सर्वांत आधी आमचाच आला म्हणून आम्ही मिरवलोही. आमच्या चाळीपासून दोन गल्ल्या पलीकडे नाशिक जिल्ह्यातून कामासाठी आलेले एक वृद्ध गृहस्थ राहत असत. पोरवयात वडिलांचे बोट धरून ते त्या सत्याग्रहाला गेले होते, असे आमचे वडील सांगत. त्यांना भेटावयाचे आमच्या मनात होते. परंतु निबंध तर झाला, आता काय घाई, असे म्हणून भेट राहिली. पावसाळा संपता संपता ते वारले. त्यांनी काय पाहिले, रांगेत कोण होते, भाकरी कुणी पुरवली, दगड कुठून आले, हे त्यांच्याबरोबर गेले. आम्हांला त्या निबंधात चांगले गुण मिळाले. ते गुण आता कुठल्या कागदावर आहेत हेही आम्हांला ठाऊक नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने केलेली घाई अशी अंगाशी येते. ज्या समाजाचे दस्तऐवज दुसऱ्यांनी लिहिले, त्याचा उरलेला इतिहास वृद्धांच्या तोंडी आहे. तो ऐकण्यास वेळ लागतो.

घाईने काम करू नका असे म्हटले की विद्यार्थी आम्हांला बाबासाहेबांचे उदाहरण देतात. ते तर दिवसरात्र वाचीत, वेळ वाया घालवीत नसत, मग आम्ही सावकाश का करावे? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी त्यांच्या विद्यार्थिदशेचा काळ नीट पाहिला पाहिजे.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. वेळ खरोखरच उसना होता. १९१५ साली त्यांनी एम.ए. केले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव नोंदवले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने धाडलेला त्यांचा ग्रंथसंग्रह पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडाला. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला. त्यात शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांची भर घालून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अपुरे राहिलेले काम त्यांनी तीन वर्षे मनात वागवले होते. ओझे उतरावे म्हणून ते कुठल्याशा सोप्या पदवीवर उरकले नाही.

पुढचा प्रसंग विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाने ध्यानात ठेवावा असा आहे. १९२१ साली त्यांना एम.एस्सी. मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी सादर केला. मार्च १९२३ मध्ये कळले की परीक्षकांना त्यातील मांडणी रुचलेली नाही, प्रबंध पुन्हा लिहावा. पैसे संपत आले होते, घरी संसार ओढग्रस्तीत होता. अशा वेळी परीक्षकांना खटकणारी पाने काढून टाकून पदवी पदरात पाडून घेणे सर्वांत सोपे होते. ते एप्रिलमध्ये मुंबईस परतले, येथे बसून प्रबंध नव्याने लिहिला आणि ऑगस्टमध्ये पाठवला. आपले निष्कर्ष त्यांनी बदलले नाहीत, असे चरित्रकार नोंदवतात. प्रबंध मान्य झाला आणि वर्ष संपण्याआधी ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्धही झाला. कोलंबियाची पीएच.डी. तर त्यांना १९२७ साली मिळाली, म्हणजे तेथील विद्यार्थिदशा संपल्यानंतर अकरा वर्षांनी, आणि तीही प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली छापून निघाल्यानंतर.

या कालक्रमातून आम्हांला असे दिसते की बाबासाहेबांची घाई सुरुवातीची होती. ग्रंथालयाचे दार उघडताच ते आत असत. शेवटाची घाई त्यांनी केली नाही. आपली मुले बहुधा याच्या उलट करतात. मुदतीआधी देऊन टाकलेल्या कामाचा प्रारंभही पुष्कळदा आदल्या आठवड्यातलाच असतो. काम लवकर संपले याचा अर्थ त्यावर अधिक वेळ दिला गेला असा होत नाही.

धम्मसाहित्यातही या विषयावरची एक कथा आहे. विनयपिटकातील सोण नावाचा भिक्खू श्रीमंत घरातला, कोवळ्या पायांचा होता. साधना लवकर फळावी म्हणून तो पायांतून रक्त येईपर्यंत चंक्रमण करीत राहिला आणि तरीही काही हाती लागेना म्हणून घरी परत जाण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला त्याच्याच पूर्वीच्या वीणावादनाची आठवण दिली. तार फार ताणली तरी स्वर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. पाच नीवरणांच्या यादीत आळस व सुस्ती जशी आहेत तसे उद्धच्च, म्हणजे मनाची अस्वस्थ धावपळही आहे. आम्ही शिक्षकांनी पहिल्या दोषाला छडी दाखवली आणि दुसऱ्याला शाबासकी दिली.

मग करावे काय? मुलांना नुसते "सावकाश करा" म्हणून भागणार नाही. अपुऱ्या कामाचे ओझे खरे असते, ते मनात टोचत राहते. येथे पुन्हा मानसशास्त्र साहाय्यास येते. २०११ साली मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी असे दाखवले की अपुरे राहिलेले काम मनात घुसून दुसऱ्या कामात व्यत्यय आणते. परंतु ते काम केव्हा, कोठे, कसे करावयाचे याची नेमकी योजना लिहून काढली तर हा त्रास पुष्कळसा थांबतो. म्हणजे ओझे उतरवण्यासाठी काम उरकण्याचीच आवश्यकता नसते. "गुरुवारी दुपारी वसाहतीच्या पलीकडच्या टोकाच्या तीन घरी जाणे" असे वहीत लिहिले तरी मन काही अंशी मोकळे होते, आणि काम मात्र उघडे राहते.

यास अनुसरून आम्ही आमच्या अभ्यासाच्या तासात एक लहानसा पालट केला आहे. आता "सर, झालं" म्हणणाऱ्यास आम्ही शाबासकी देत नाही आणि रागेही भरत नाही. "काय सापडलं?" असे विचारतो. निबंध असेल तर वही मिटवून ठेवावयास सांगतो आणि दोन दिवसांनी तीच वही पुन्हा उघडून एक तरी वाक्य बदलावयास लावतो. आरंभी मुले कुरकुरली. आता काही जण दोन-दोन पाने खोडून पुन्हा लिहितात. याचा परिणाम गुणांवर होईल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. वह्या वाचण्यात मात्र आम्हांला पूर्वीपेक्षा अधिक आनंद मिळतो.

पालकांना आमची विनंती इतकीच की, "अजून संपलं नाही का?" हा प्रश्न थोडा कमी विचारावा. आपल्या काळजीपोटी तो तोंडी येतो हे आम्ही जाणतो. पण मुलाच्या कानी तो, वेळ संपत आली, असा पडतो. त्याऐवजी "आज कुठवर आलं?" असे विचारून पाहावे. जे माजी विद्यार्थी आज नोकरीत स्थिरावले आहेत त्यांच्याकडे आमचे मागणे थोडे मोठे आहे. एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधाच्या अखेरच्या दोन महिन्यांत घरभाड्याची, प्रवासाची, टंकलेखनाची चिंता पडू नये एवढी व्यवस्था आपल्यातील चौघे मिळून करू शकतात. निश्चिंतपणे काम करावयास मिळालेला एक महिना कुठल्याही उपदेशाहून अधिक उपयोगी पडेल. १९२० साली बाबासाहेबांच्या पाठीशीही एक राजा आणि एक मित्र उभे राहिले होते.

त्या मुलीविषयी सांगून लेख संपवितो. ती प्रथम हिरमुसली. चहा न घेताच गेली. पुढच्या रविवारी ती वसाहतीच्या पलीकडच्या टोकाला गेली असल्याचे आम्हांला तिच्या आईकडून कळले. तेथे तिला भेटलेल्या नवव्या बाईंनी सांगितले, "कंपनी बंद पडल्यावर आम्ही कमवायला लागलो असं कुणी सांगितलं तुला? कंपनी जोरात चालू होती तेव्हाही मी घरात शिवणकाम करतच होते. ते पैसे कुणी मोजलेच नाहीत." साठ पानांचा मुख्य निष्कर्ष त्या एका वाक्याने ढासळला. मुलीने बांधणी थांबवली आणि पुढच्या चार आठवड्यांत आणखी अकरा मुलाखती घेऊन तिसरे प्रकरण नव्याने लिहिले. मुदतीच्या आदल्या दिवशी प्रबंधिका सादर केली.

सादर करून परतताना ती शाळेत आली. आम्ही सवयीने विचारले, "झालं का?"

ती म्हणाली, "नाही सर. अजून दोन बायका राहिल्यात. त्यांना भेटून घेते."

त्या वेळी मात्र आम्ही तिला शाबासकी दिली.